तळाची भोकं

सखूने व्हॅनचं पुढचं दार धाडकन ओढून घेतलं आणि दाराच्या पोटात पाणी डचमळलं.

रेणुका पडवीत चहा पीत उभी होती. तिने मान वर केली. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. गावात कित्येक महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता. मग दाराच्या पत्र्यात पाणी आलं कुठून?

“सखूमावशी, परत एकदा लाव बघू ते दार.”

“का गो, नीट लागला नाय काय?”

“लागलं. तरी लाव.”

सखूने दार उघडून पुन्हा लावलं. पुन्हा तोच आवाज, शहाळं कानाशी धरून हलवल्यावर यावा तसा.

“ह्याला पाणी धरलंय,” सखू आत सरकून बसत म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला धरतं ना, तसं. आम्ही रोज ऐकतो. तुझ्या बापसाला सांगितलं तर म्हणतो, तुम्हा बायकांच्या कानात समुद्र भरलाय.”

“भरलेलाच हाय,” चालकाच्या जागेवरून काशीराम म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली. मागच्या बाजूला बर्फात घातलेल्या बांगड्यांच्या पाट्या होत्या, पाट्यांना पाठ टेकून रेणुकाची आई जाईबाई बसली होती. सहाच्या सुमाराला गाडी राजापूरच्या बाजाराकडे निघाली ती रोजच्यासारखी.

काशीरामने एकतीस वर्षं बोटीवर तांडेल म्हणून काढली होती. तांडेल म्हणजे बोटीचा कर्ता माणूस. जाळं कुठं टाकायचं, कधी फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. गुडघे गेले तेव्हा त्याने बोट विकली आणि कोल्हापूरच्या एका माणसाकडून ही जुनी व्हॅन घेतली. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बायकोची आणि सखूची मासळी बाजारात पोचवणं हेच त्याचं काम होतं. पाट्या डोक्यावर घेऊन एसटीत चढायचं वय दोघींचंही राहिलं नव्हतं.

या महिन्यात गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. चोवीस तारखेला रत्नागिरीला पासिंगला न्यायची होती. पास झाली तर आणखी पाच वर्षं. नाही झाली तर गाडी दारात उभी राहणार आणि तिच्याबरोबर जाईबाईचा धंदाही. काशीरामला त्याची अजिबात काळजी नव्हती. “माझी गाडी बघून साहेब उठून उभा राहील,” असं तो चारचौघांत सांगत असे.

तसं म्हणायला कारणही होतं. गावात इतकी राखलेली दुसरी गाडी नव्हती. बाजारातून आल्यावर तो ती रोज पाइप लावून धुई. मे महिना लागला की ज्या निगुतीने तो बोटीचा तळ खरवडून तेलपाणी करी, त्याच निगुतीने गाडीखाली गोणपाट अंथरून झोपे आणि तळाला डांबर फासे. पांढऱ्या रंगावर कुठे ओरखडा नाही, कुठे पोपडा नाही.

रेणुका देवरूखच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. उत्तरपत्रिका तपासून झाल्या तशी ती आठ दिवस माहेरी आली होती. गाडी निघून गेली तरी तिच्या डोक्यातून तो आवाज जाईना.

दुसऱ्या दिवशी बाजार आटपल्यावर काशीरामने गाडी सुजयच्या गॅरेजात नेली. पासिंगच्या आधी एकदा ब्रेक बघून घ्यावेत एवढंच त्याच्या मनात होतं. रेणुका मुद्दाम बरोबर गेली. सुजय तिच्या शाळेतला. पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा राजापुरात कोणी नव्हता.

सुजयने गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला आणि तळ चाचपत राहिला. मग खालून आवाज आला, “काका, डांबर कोणी लावलं?”

“मीच. दरवर्षी लावतो.”

“डांबर चांगलं बसलंय.” ठक्, ठक् असं वाजलं, आणि तिसऱ्या वेळी काहीतरी ओल्या पुठ्ठ्यात घुसावं तसा आवाज आला. “तेवढंच शिल्लक हाय. पत्रा गेला.”

काशीराम गुडघ्याची पर्वा न करता खड्ड्यात उतरला. दाराच्या खाली, गाडीच्या लांबीभर जाणारी पत्र्याची पोकळ पेटी असते. सुजयचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात मुठीपर्यंत रुतला होता.

“हे काय केलंस?”

“मी काय केलं? मी नुसता टेकवला.” सुजयने तो बाहेर काढला. टोकाला तपकिरी चिखल होता. “काका, वरून लग्नाचा मांडव आणि खाली वाळवी, असं झालंय. ही पेटी म्हणजे गाडीचा कणा. हिच्यावर दारं, हिच्यावर खालचा पत्रा, हिच्यावर माणसं. दोन्ही बाजूंच्या गेल्यात. डावी तर पारच. अशी गाडी पासिंगला दाखवायची पण नाय आणि हिच्यात कोणाला बसवायचं पण नाय.”

“कशाने गेल्या?” रेणुकाने विचारलं.

“आता काय सांगू? गाडीत रोज मासे. मिठाचं पाणी ठिबकणार, पत्रा खाणार.” सुजयने हात पुसले. “परवा सवडीने आणा. कापून बघतो. जोडायला धड पत्रा उरला असला तर वेल्डिंग करू. तोवर पाट्या न्या पाहिजे तर, पण हळू. आणि बायकांना बसवू नका.”

काशीरामने गाडी हळूहळू घरी आणली. अंगणात ती लावली आणि तो थेट बायकोकडे गेला.

“उद्यापासून गाडीत पाटी चढणार नाय.”

जाईबाई सखूबरोबर विहिरीवर सुऱ्या धूत बसली होती. “मग काय चढवू? तुमची डांबराची डबी?”

“तुझ्या माशांच्या पाण्याने गाडी खाल्ली माझी. सुजय बोलला.”

“एकतीस वर्षं बोटीत काय भरत होतात तुम्ही? शेवंतीची फुलं?”

सखू हसली आणि मग काशीरामचा चेहरा बघून तिने तोंडाला पदर लावला. काशीराम आत निघून गेला. जाईबाईने सुरी दगडावर दोनदा जास्तच घासली. ती लेकीकडे न बघता म्हणाली, “खरं काय गो? माझ्यामुळे गेली?”

“माहीत नाही अजून,” रेणुका म्हणाली. “बघते.”

तिला नुसतं आईला धीर द्यायचा नव्हता. सुजयच्या बोलण्यात एक गोष्ट बसत नव्हती. पाट्या गाडीच्या मागच्या भागात असायच्या. बर्फाचं खारट पाणी ठिबकायचं तेही मागेच. मग सडायला हवा होता मागचा पत्रा. तिने मागचा रबराचा तुकडा उचलून बघितला. पत्र्यावर गंजाचे डाग होते, पण सुरीच्या मुठीने ठोकलं तर तो खणखणीत वाजत होता. गेली होती ती दाराखालची पेटी, आणि पाणी डचमळत होतं ते दारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काशीरामच्या सामानातली बारीक नळी घेतली, दाराच्या काचेच्या फटीतून आत सोडली आणि ओढून थोडं पाणी काढलं. ते चहासारखं लालसर होतं. मग घरातल्या स्टीलच्या चार ताटल्या घेतल्या. एकीत समुद्राचं पाणी, दुसरीत विहिरीचं, तिसरीत पाट्यांखाली साचलेलं, चौथीत दारातलं. प्रत्येकी मोजून चार चमचे. ताटल्या तिने पडवीच्या पायरीवर उन्हात ओळीने ठेवल्या आणि शेजारी बसून राहिली.

“पापड घातलेस काय?” आईने येता-जाता विचारलं.

“तसंच काहीसं.”

दुपार कलेपर्यंत चारही ताटल्या सुकल्या. पहिलीत मिठाचं जाड पांढरं कडं राहिलं. तिसरीतही तसंच, वर माशांचा वास. विहिरीच्या ताटलीत मात्र नुसती धुरकट, बोटाने पुसली जाईल एवढी साय होती. त्यांची विहीर खाडीजवळची, पाणी थोडं मचूळ, तेवढ्यापुरती. आणि चौथ्या ताटलीत, दारातल्या पाण्याच्या, तसलीच पातळ साय आणि तिच्यात मिसळलेला गंज.

म्हणजे दारातलं पाणी माशांचं नव्हतं. ते विहिरीचं होतं. रोज गाडी धुताना काचेच्या फटीतून आत उतरलेलं.

रेणुकाने आईला तसं सांगितलं. जाईबाईने चारही ताटल्यांकडे नीट बघून घेतलं, मग म्हणाली, “मग गाडी काय हे एकटेच धुतात? जगभर धुतात लोक.”

प्रश्न अगदी बरोबर होता. लोखंडाला गंज चढायला पाणी लागतं, हवा लागते. मीठ असलं तर ते काम लवकर उरकतं. पण त्या सगळ्यांपेक्षा जास्त लागतो तो वेळ. मागचा पत्रा रोज भिजत होता आणि बाजारातून येईपर्यंत वाऱ्याने सुकत होता. म्हणून मीठ असून टिकला. दारातलं पाणी मात्र सुकत नव्हतं. ते आत शिरत होतं आणि तिथेच राहत होतं. इतर गाड्यांत ते जातं कुठे?

संध्याकाळी ती बर्फाच्या कारखान्यावर गेली. तिथला टेम्पो तिला लहानपणीच्या कुत्र्यासारखा ओळखीचा होता. त्याला कोणी कधी धुतलं नव्हतं, रंगवलं नव्हतं. हात लावला तर तळव्याला गंज लागायचा. पण दोनच महिन्यांपूर्वी तो पासिंगहून आला होता, सगळा तपासून. चालक स्वरूप सावलीत भजी खात बसला होता. रेणुका गोणपाट टाकून टेम्पोच्या खाली सरकली तसा तो उठून आला.

“बाई, काय पडलं काय खाली?”

“नाही रे. भोकं मोजतेय.”

“आमच्या टेम्पोची? मोजा, मोजा. संपली की मला पण सांगा.”

पण ती वेगळी भोकं मोजत होती. चालकाच्या दाराखाली पत्र्याची तशीच पोकळ पेटी होती आणि तिच्या तळाला बोटाचं पेर जाईल एवढी लंबगोल छिद्रं होती. कडा साफ, दोन छिद्रांमधलं अंतर सारखं. दुसऱ्या बाजूलाही तितकीच. दाराच्या खालच्या काठालाही दोन. गंजाने पडलेली भोकं अशी मापात नसतात. प्रत्येक छिद्राखाली सुकलेल्या ओघळाची रेघ होती. तिने एकात करंगळी घातली. आत नुसती कोरडी धूळ.

घरी येऊन ती व्हॅनखाली झोपली. डांबराचा थर जाड होता. जुन्या सुरीने ती सावकाश खरवडत गेली. टेम्पोच्या छिद्रांमधल्या अंतरावरून तिने अंदाज बांधला होता. त्या जागी सुरी टणक गोळ्याला लागली. तिने तो उकरला नाही. नुसता वरचा भाग साफ केला आणि मोबाइलचा उजेड टाकला.

कापूस होता. राळेत आणि तेलात कालवून ठासलेला, दगडासारखा झालेला.

असला कापूस तिने स्वतः पिंजून दिला होता, दर मे महिन्यात, पार दहावीपर्यंत. बोट वाळूवर ओढली की फळ्यांच्या सांध्यांत काशीराम तो ठासायचा. किनाऱ्यावर तेव्हा म्हणत, काशीतांडेलाने भरलेल्या सांध्यातून मुंगी जायची नाही.

ती गाडीखाली तशीच पडून राहिली. उत्तर सापडलं होतं आणि त्याने तिला आनंद व्हायला हवा होता. सकाळपासून ती त्याच्याच मागे होती. पण आता ते वडिलांना सांगायचं होतं.

काशीराम मागच्या दारी पाग विणत बसला होता. हाताने फेकायचं छोटं जाळं ते. रेणुका त्याच्यासमोर पायरीवर बसली.

“बाबा, गाडीच्या तळाची भोकं तुम्ही बुजवलीत?”

त्याचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला. “दिसली तुला? गाडी आणली त्याच आठवड्यात बुजवली. आठ तळाला, चार दारांना. बारा भोकं! कोल्हापूरचा तो माणूस तशीच फिरवत होता. त्याला तळ म्हणजे काय ठाऊक? आपल्या खाडीच्या रस्त्यावर भरतीला पाणी येतं. मी म्हटलं, असली गाडी घातली तर आतली माणसं पोहायला लागतील.”

“एक गोळा काढून बघू या?”

“कशाला? पाणी शिरेल ना.”

“शिरतं की बाहेर येतं, ते बघू.”

काशीरामने तिच्याकडे निरखून बघितलं. समुद्रावर वारा फिरला की तो असाच बघत असे. मग त्याने पाग बाजूला ठेवला, खोलीतून सांधे उकरायची लोखंडी आकडी आणली आणि गाडीखाली गोणपाट टाकून शिरला. रेणुका शेजारी आडवी झाली.

आकडी त्याने गोळ्याच्या कडेला घातली, फिरवली आणि ओढली. गोळा सुटला आणि मागोमाग लालसर पाण्याची धार आली, बोटाएवढी जाड. काशीरामचा तळवा आपसूक भोकावर गेला. तांडेलाचाच हात तो, गळती दिसली की आधी दाबणार.

“बाबा, राहू दे. येऊ दे ते.”

त्याने हात काढला. धार गोणपाटावर पडत राहिली, मग मातीत ओघळ काढून विहिरीच्या दिशेने निघाली. दोघं बघत राहिली. इतकं पाणी एवढ्याशा पत्र्यात कसं मावलं असेल, असं तिच्या मनात आलं. काशीरामने ओलं बोट जिभेला लावलं.

“मचूळ,” तो म्हणाला. “आपल्या विहिरीचं.”

“हो.”

“म्हणजे ही भोकं कारखान्यातूनच आलेली.”

“हो. सगळ्या गाड्यांना असतात. स्वरूपच्या टेम्पोलाही आहेत.”

“म्हणजे पाणी शिरणारच, असं ते धरून चालतात?”

“शिरणारच. पावसाचं शिरतं, धुतल्यावर शिरतं. दार काही हवाबंद नसतं. म्हणून जायला वाट ठेवतात.”

“होडीत उलटं,” काशीराम म्हणाला. “होडीत आलेलं पाणी आपण उपसतो. गाडीत उपसायला कोण बसत नाय, म्हणून खाली भोक.” जरा वेळाने तो म्हणाला, “शहाणा माणूस असला पाहिजे, ज्याने ठेवलं तो.” त्याने दुसरा गोळा काढला, मग तिसरा. चौथ्याला पाणी आलं नाही, नुसते गंजाचे पापुद्रे पडले, त्याच्या छातीवर. ते झटकत तो बाहेर आला आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. जाईबाई भाकरी थापत होती.

“तुझ्या पाट्यांनी नाय झालं,” तो म्हणाला. “माझ्याच हाताने झालं. तुला बोललो ते चुकलं.”

जाईबाईने भाकरी तव्यावर टाकली. “बोललात सखूसमोर. चुकलं ते पण तिच्यासमोर बोला.”

ठरल्या दिवशी सुजयने डावी पेटी कापली. ग्राइंडरच्या ठिणग्या थांबल्या तेव्हा त्याने कापलेली पट्टी हाताने उलगडली. आत पत्रा म्हणून काही नव्हतं. पापुद्र्यांवर पापुद्रे होते, बोटांनी सुटत होते. तळाशी दोन बोटं उंच गाळ बसला होता.

“पत्र्याला पत्रा जोडतात, काका,” सुजय म्हणाला. “हे जोडायचं कशाला? वर दाराच्या चौकटीपर्यंत हेच हाय. उजवी थोडी धड असेल.” तो घुटमळला. “वरून नवी पट्टी मारून, खाचा लांबीने बुजवून, रंग देऊन देणारे हायत. दिसायला गाडी नवी दिसेल. मी नाय करत ते काम. तुम्हाला हवं तर नाव सांगतो.”

 काशीरामने सुजयच्या फळीवरची लाकडी हातोडी उचलली, खडू घेतला आणि गाडीत शिरला. आतला रबर त्याने मागे गुंडाळला. मग तो ओणवा होऊन पत्र्यावर हळूहळू ठोकत चालला, कान खाली नेऊन. बोटीच्या फळ्या तो अशाच तपासत असे. ठण्ण वाजलं की पुढे, भद्द वाजलं की खडूची खूण. पुढच्या जागेपासून त्याने सुरुवात केली. खुणा वाढत गेल्या. त्याने त्या रेघेने जोडल्या तेव्हा ती रेघ सखू बसायची त्या जागेभोवती फिरली आणि मागे जाईबाई बसायची तिथपर्यंत गेली. पाट्यांची जागा तेवढी रेघेबाहेर राहिली.

तो खाली उतरला. हातोडी जागेवर ठेवली.

“कोणाचं नाव नको,” तो म्हणाला. “तळ गेलेल्या बोटीत खलाशी चढवत नाय कोण. मोडीत घाल.”

“चाकं, इंजिन चांगलं हाय, काका. त्याला गिऱ्हाईक बघतो.”

“बघ.”

चोवीस तारखेचा विषय तिथेच संपला. परतीला बापलेक दोघं एसटीने आली. खिडकीशी काशीराम बसला होता. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या तळाकडे तो वाकून बघत होता. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, “रेणू, नव्या गाडीची पेटी जायला किती वर्षं लागतात?”

“किती पाणी साठतं त्यावर आहे. का?”

“विनोदच्या गाडीची भोकं मीच बुजवली. गेल्याच्या गेल्या दिवाळीत. तीन पावसाळ्यांमागे मास्तरांच्या गाडीची. लोक माझ्याकडे घेऊन यायचे ना. काशीतांडेल, जरा आमची पण भरून दे.”

घरी जाईबाईने ते ऐकलं आणि ती पहिल्यांदा त्याच्या बाजूने बोलली. “आता गावभर सांगत फिरू नका. खाऱ्या वाऱ्यात गाड्या गंजतातच. कोणाला काय कळणार हाय?”

“त्यांना नाय कळणार,” काशीराम म्हणाला. “म्हणूनच तर.”

व्हॅन गेल्यावर जाईबाई आणि सखू यांना स्वरूपने टेम्पोत पुढे बसवायचं कबूल केलं होतं. टेम्पो पाचलाच सुटतो म्हणून सखू कुरकुरत होती. तिच्या कुरकुरीत मध्येच काशीराम उभा राहून म्हणाला, “सखू, त्या दिवशी पाट्यांवरून हिला बोललो, ते चुकलं माझं.” सखू आ वासून जाईबाईकडे बघू लागली. जाईबाई म्हणाली, “ऐकलंस ना? मग मिट तोंड.”

काशीराम आकडी घेऊन निघाला होता. रेणुका मागे गेली.

विनोद मुंबईला नोकरीत होता, मे महिन्यापुरता घरी आलेला. वर्षभर त्याची गाडी इथेच आच्छादनाखाली असायची आणि त्याचा भाऊ ती आठवड्याला धुवून ठेवायचा. काशीरामला बघून विनोद खुशीत उठला.

“या तांडेलकाका! यंदा पण डांबर लावायचं काय?”

“लावायचं नाय. लावलेलं काढायचं हाय.” काशीराम अंगणात उभ्याउभ्याच बोलला, कुठे न अडखळता. भोकं कशासाठी असतात, त्याने ती का बुजवली, स्वतःच्या गाडीचं काय झालं. विनोदचं हसू हळूहळू गेलं.

“म्हणजे माझी गाडी पण...”

“बघितल्याशिवाय सांगणार नाय.”

विनोदने गाडीकडे बघितलं, मग काशीरामच्या हातातल्या आकडीकडे.  तो आत जाऊन स्वतःच गोणपाट घेऊन आला.

पहिला गोळा निघाला, काही आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला पेलाभर गढूळ पाणी आलं आणि थेंबाथेंबाने थांबलं. रेणुकाने मोबाइलचा उजेड भोकात धरला आणि आत तार घालून घासली. तपकिरी थराखाली पत्रा चकाकला. तिने तार आणखी पुढे नेली, मागे नेली. सगळीकडे तेच.

“वरवरचा आहे,” ती म्हणाली. “आत तेल सोडून घ्या. आणि ही भोकं पुन्हा बुजू देऊ नका, चिखलानेसुद्धा.”

विनोदने मोठा श्वास सोडला. मग कोरडं हसून तो म्हणाला, “काका, किनाऱ्यावर तुमचं नाव होतं. काशीतांडेलाने बुजवलेलं सुटत नाय म्हणून.”

“सुटत नायच,” गाडीखालून काशीराम म्हणाला. चौथा गोळा चांगलाच धरून बसला होता. आकडी दोनदा घसरली. “रेणू, तो दगड दे इकडे. आणि मास्तर घरी असतात काय बघ फोन करून. त्यांची गाडी तीन पावसाळे झाली.”